यू म्हणजे तू की तुमी?

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं. आढीतलं गवत आणि पिकू लागलेला हापूस यांचा मिळून एक वास असतो, तो घरभर होता. माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, वय ९, आजीच्या बाजूला मांडी घालून बसला होता आणि एकेक फळ फडक्याने पुसून तिच्या हातात देत होता. तो इंग्लंडात जन्मला, तिथेच वाढला. त्याला मराठी येत नाही, आईला इंग्रजी येत नाही. तरी दोघांचं काम बिनबोभाट चाललं होतं. तो दर फळामागे काहीतरी विचारी आणि ती देठ बघत ‘हां, हां’ म्हणे. मध्येच तिने हात थांबवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ह्यो माका काय म्हणता गे? तू म्हणता की तुमी?”

मी देवगड तालुक्यात ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. सर्वनामांचा तक्ता दर जूनमध्ये फळ्यावर लिहिला. हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता.

“तेंच्यात एकच शब्द असा,” मी म्हटलं. “यू.”

“एकच? आजीक पण तोच आणि कुत्र्याक पण तोच?”

“तोच.”

आई पुढे बोलली नाही. पण तिच्या हातातलं फळ पेटीत जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आमच्या घरात कोणाला काय म्हणायचं हे कोणी शिकवलं नाही, ते आपोआप बसत गेलं. आई तू. आजी तू. थोरला भाऊ दादा, तरी तू. वडील मात्र तुमी, आणि शाळेतले गुरुजी, पोस्टमन, दारात आलेला कोणीही परका माणूस तुमी. देव पुन्हा तू. देवळात गाऱ्हाणं घालताना ‘बा देवा म्हाराजा’ अशी मोठी हाक असते, आणि त्यामागून येतं ते ‘तू सांभाळ कर’ असं तूकारातलंच मागणं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. महाराज आहे, पण आपला आहे. तेव्हा आईच्या प्रश्नात मान मिळतो की नाही याची चौकशी नव्हती. नातवाने आपल्याला ‘तू’ म्हणावं असं तिला वाटत होतं.

रात्री मी तिला खरं ते सांगितलं, आणि सांगून बसल्यावर वाटलं, सांगायला नको होतं.

खरं असं आहे. इंग्रजीत पूर्वी दोन शब्द होते. एका माणसाला ‘दाऊ’, अनेकांना ‘यी’. ‘यू’ हे त्या ‘यी’चंच विभक्तीचं रूप, जसं ‘ही’चं ‘हिम’. पुढे १३ व्या शतकापासून फ्रेंच रीतीच्या प्रभावाने मोठ्या माणसाला, एकटा असला तरी, अनेकवचनाने संबोधायची चाल पडली. आपण ‘तुम्ही’ म्हणतो तेच. दाऊ उरला मुलांसाठी, नोकरांसाठी, जिवलगांसाठी आणि देवासाठी. मग शतकं गेली, आणि समोरच्याला चुकून कमी लेखल्यासारखं होऊ नये म्हणून लोक जरा काही शंका आली की ‘यू’ म्हणू लागले. १७ व्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी याला विरोध केला. देवापुढे सगळे सारखे, तर न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणायचं, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी लोकांचा राग आणि अपमान सोसला. तरीही १८ वं शतक लागेपर्यंत प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ जवळजवळ नाहीसा झाला. यॉर्कशरसारख्या उत्तरेकडच्या बोलींमध्ये तो पुढेही रेंगाळला.

आपण सगळे वर्गात उलटं समजून बसतो. इंग्रजीत आदरार्थी नाही, इंग्रज सगळ्यांना एकाच पातळीवर आणतात, वगैरे. मीही हेच सांगत आले. प्रत्यक्षात इंग्रजीने आदर टाकलाच नाही, तिने ‘तू’ टाकला. पुरावा रोज आपल्या तोंडात असतो: ‘यू आर’. माणूस एक, तरी क्रियापद अनेकवचनी. ‘तुम्ही आहात’. तिथली आई तान्ह्या बाळालाही तुम्हीच म्हणते.

आणि ‘दाऊ’ देवाच्या प्रार्थनेत तेवढा राहिला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये देवाला, माणसाला आणि सैतानालाही एकटं असताना ‘दाऊ’च आहे, कारण तो साधा ‘तू’ होता. बाजारातून आणि स्वयंपाकघरातून शब्द गेला आणि देवघरात राहिला, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो भारदस्त वाटू लागला. देवाशी सलगी करायचा शब्द देवापासून लांब उभं राहायचा शब्द होऊन बसला.

आईला यातलं सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की ‘यू’ मूळचा तुमी.

“म्हंजे मी तेका परकी?” ती म्हणाली.

मी समजवायचा प्रयत्न केला. ती कूस बदलून झोपली.

आमच्या बागेत राखणीला एक नेपाळी मुलगा असतो. आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीकडे घरोघर असतात, तसाच. तीन हंगाम आमच्याकडे येतोय. त्याचं मराठी कामापुरतं. तो आईला म्हणतो, “आजी, तू जेवली काय?” गावातल्या कोणी परक्या पोराने आईला असं विचारलं असतं तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं आणि तो पुन्हा आला नसता. या मुलाच्या स्वतःच्या भाषेत तर तँ, तिमी आणि तपाईं अशा तीन पायऱ्या आहेत. त्याला मान कसा द्यायचा हे ठाऊक आहे, आमच्या भाषेत तो कुठे ठेवलाय हे ठाऊक नाही. आई त्याला कधी रागावली नाही. “तेका दुसरो शब्द खंय ठावक असा?” एवढंच म्हणे.

सकाळी चहा गाळता गाळता तिने निकाल दिला. “तेच्या तोंडात एकच शब्द असा ना? मगे तो तूच. माका तू असोच ऐकाक येता.”

भाषेच्या इतिहासाची जी काही पुस्तकं मी निवृत्तीनंतर वाचली, त्यांत ऐकणाऱ्याच्या कानाला एवढा अधिकार दिलेला आढळला नाही. मला तो निकाल मान्य आहे.

ही दोघं पुढचे पंधरा दिवस यू आणि तू करत राहिली आणि माझ्या डोक्यात मात्र शाळा सुरू झाली. सर्वनाम हा शब्द पाणिनीचा. ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या यादीला त्याने ते नाव दिलं. ‘प्रोनाउन’ हे इंग्रजी नाव नुसतं ‘नामाऐवजी’ एवढंच सांगतं. आणि साहाय्यक क्रियापद हे दुसरं प्रकरण आम्ही चार महिन्यांनी, दिवाळीनंतर शिकवायचो, जणू दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध किती घट्ट आहे हे मला मुलांच्या चुकांनी शिकवलं, आणि तेही उशिरा.

‘डिड यू वेन्ट?’ ही चूक मी किती हजार वेळा लाल शाईने खोडली असेल. खोडायची, वर ‘गो’ लिहायचं, मुलगा पुढच्या वेळी पुन्हा ‘वेन्ट’ लिहिणार. मला ते दुर्लक्ष वाटे. एक दिवस दुसऱ्याच कुठल्या कामात होते आणि मनात आपसूक वाक्य आलं: तो गेला होता. ती गेली होती. त्या गेल्या होत्या. दोन क्रियापदं, आणि दोन्ही वळतात. गेला बरोबर होता, गेली बरोबर होती. आमच्या मुलाच्या कानाला लहानपणापासून हेच बरोबर वाटत आलंय, की जोडीतला एक बदलला तर दुसऱ्याने बदलायला हवं. तो ‘डिड’ बघतो आणि इमानाने ‘गो’चाही ‘वेन्ट’ करतो. तो मराठी व्याकरण पाळत होता आणि मी त्याचे गुण कापत होते. ही गोष्ट मला आजही लागते.

इंग्रजीत काळ एकाच ठिकाणी बसतो, रांगेतल्या पहिल्या क्रियापदावर. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना किनाऱ्यावर माणसं दोराला ओळीने लागतात, तशी ती क्रियापदं. ‘ही मस्ट हॅव बीन स्लीपिंग’ या वाक्यात चार जण दोराला आहेत. क्रम ठरलेला: आधी मस्टसारखं क्रियापद, मग हॅव, मग बी, शेवटी खरं काम करणारं. मधला कोणी नसला तर चालेल, पण जागा बदललेली चालणार नाही. आणि प्रत्येक जण आपल्या मागच्याचं रूप ठरवतो. हॅवमुळे बीन, बीनमुळे स्लीपिंग. नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली हा सगळा क्रम एका ओळीच्या सूत्रात मांडला होता. मला तेव्हा ते सूत्र मिळालं असतं तर मी वर्गाला समुद्रावर नेऊन दोर हातात दिला असता.

प्रश्न विचारायचा झाला की त्या ओळीतला पहिला उठतो आणि सर्वनामाच्या पुढे जाऊन उभा राहतो. ‘ही इज’चं ‘इज ही’. नाही म्हणायचं झालं तर ‘नॉट’ त्याच्याच खांद्यावर. आता जिथे साहाय्यक नाहीच, ‘ही गोज’, तिथे काय? पूर्वी सरळ ‘गोज ही?’ असं विचारता येई. पण साध्या क्रियापदांचं हे पुढे जाणं हळूहळू बंद झालं, आणि साधारण १५ व्या-१६ व्या शतकापासून ‘डू’ला त्या कामावर घेतलं गेलं. ‘डझ ही गो?’ ‘डझ’ला स्वतःचा काही अर्थ नाही. हंगामाला लावलेल्या गड्यासारखा तो येतो, ‘गोज’च्या डोक्यावरचा ‘एस’ उतरवून आपल्या डोक्यावर घेतो आणि पुढे होतो. ‘गो’ मोकळा चालतो. ओझं एकाच डोक्यावर असतं, एवढं कळलं की ‘डझ ही गोज’ आपोआप बंद होतं. माझ्या शेवटच्या चार-पाच तुकड्यांना मी हे असं शिकवलं. त्याआधीच्या मुलांची मी देणेकरी आहे.

‘ही कॅन’ला ‘एस’ का नाही? मुलं विचारत, मी ‘अपवाद’ म्हणून पुढे जाई. अपवाद म्हणजे शिक्षकाने दार लावून घेणं. खरं कारण फार सुंदर आहे आणि मराठी मुलाला अर्ध्या मिनिटात कळण्यासारखं आहे. आपण विचारतो, “कळलं का?” तो म्हणतो, “कळलं.” रूप भूतकाळाचं, अर्थ आताचा. कळून झालंय, म्हणून आता ठाऊक आहे. ‘कॅन’ असाच. मूळ अर्थ ‘जाणणे’, आणि रूप फार जुन्या भूतकाळाचं. जाणून झालंय, म्हणून आता जमतं. भूतकाळाला ‘एस’ लागत नाही. ‘ही वेन्ट्स’ कोण म्हणतं? म्हणून ‘ही कॅन्स’ही नाही. ‘मे’, ‘शॅल’, ‘मस्ट’ यांच्याही मुळाशी असेच वर्तमान होऊन बसलेले भूतकाळ आहेत. इतकी जुनी खूण अशी साध्या शब्दावर राहते, आणि आपण तिला अपवाद म्हणतो. आपल्याकडे हेच कौशल्य सांगायला येणे वापरतात: मला पोहता येतं. इंग्रजाला पोहणं ठाऊक असतं, आपल्याकडे ते चालत येतं. खाडीकाठच्या मुलांना तर ते खरंच असं येतं, कोणी शिकवलेलं नसतं.

अजून एक सांगते. ‘आय अॅम कमिंग’चं ‘आय्म कमिंग’ होतं. पण “आर यू कमिंग?” याला नुसतं “येस, आय्म” असं उत्तर चालत नाही, पूर्ण ‘आय अॅम’ म्हणावं लागतं. मुलांना हे विचित्र वाटे. मग मी विचारायची, “आलो आहे याचं बोलताना काय करता?” “आलोय.” “केलं आहे?” “केलंय.” “बरं, घरात कोण आहे का, असं विचारलं तर?” “आहे.” “नुसतं ‘य’ का नाही म्हणत?” वर्ग गप्प व्हायचा, आणि मग मागच्या बाकावरून कोणाचा तरी चेहरा उजळायचा. टेकायला शेजारी शब्द असला की आहे अंग चोरून घेतो. एकटा पडला की पूर्ण उंचीने उभा राहतो. दोन भाषांमध्ये हजारो कोसांचं अंतर, आणि दोघींचे अगदी बारीक शब्द असे सारखे वागतात.

सर्वनाम आणि साहाय्यक यांची भेट सगळ्यात स्वच्छ दिसते ती वाक्याच्या शेपटीत. आपण म्हणतो, “दादा येणार ना?” एक ना सगळीकडे पुरतो. इंग्रजीत दरवेळी नवी शेपटी: ‘वोन्ट ही’, ‘डिडन्ट शी’, ‘हॅवन्ट दे’. दादाचं नाव गेलं, येण्याची क्रिया गेली. नावाच्या जागी ही, क्रियेच्या जागी वोन्ट. दोन बदली कामगार मिळून पूर्ण वाक्य तोलून धरतात. आणि इंग्रजीत जुनं जे काही शिल्लक आहे ते बहुतेक यांच्यापाशीच. नामांच्या विभक्त्या झडल्या, पण ‘ही’चं ‘हिम’ राहिलं. क्रियापदांचे प्रत्यय झडले, पण अॅम, इज, आर राहिले. कारण हे शब्द रोज, दर वाक्यात वापरात असतात. उंबरा झिजतो, पण तो बदलायचं कोणाच्या मनात येत नाही.

म्हणून ‘दे’ची हकीकत वाचली तेव्हा मी थक्क झाले. इंग्रजीचा स्वतःचा ‘ते’ वेगळा होता. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ हे शब्द उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या आणि मग तिथेच वसलेल्या नॉर्स लोकांचे. आपलाही किनारा आहे, आपल्याकडेही समुद्रातून माणसं आली आणि शब्द आले. पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत शेजारी गोव्यात होते. त्यांच्याकडून आपण पगार घेतला, चावी घेतली, काजू, अननस, बटाटा, पाव घेतला, आणि ज्यावर आमचं पोट चालतं त्या हापूसचं नावही त्यांच्या आफोन्सोवरूनच आलं. साडेचारशे वर्षं, पण एकही सर्वनाम नाही. वस्तू परक्याकडून घेता येते. ‘ते’ हा शब्द घ्यायला त्या परक्यांशी लग्नं लावावी लागतात, एका विहिरीवर पाणी भरावं लागतं. इंग्लंडच्या उत्तरेत तसं झालं होतं.

तोच ‘दे’ आज एका माणसासाठीही वापरतात, तो पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल तेव्हा, आणि ज्याला दोन्हींपैकी एक म्हणवून घ्यायचं नाही त्याच्यासाठीही. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून तो निवडला. यावर पुष्कळ जण चिडतात. एका माणसाला अनेकवचन कसं? मराठी माणसाने तरी यावर चिडू नये. बाबा आले, गुरुजी बसले, असं एकेका माणसाला अनेकवचन देतच आपण मोठे झालो. नाव न विचारता, आत न डोकावता माणसाला मान द्यायचा झाला तर अनेकवचन उपयोगी पडतं हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

पाहुणी माणसं मेअखेरीस इंग्लंडला परत गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला, कौलांवर इतका, की फोनवरचं ऐकू येईना. त्याच आठवड्यात दादाचा ईमेल आला. दादा मला ईमेल नेहमी इंग्रजीतच लिहितो. ३० वर्षं तिकडे राहिल्यावर बोटांना ती सवय लागते. त्याने लिहिलं होतं: ‘वुई शॅल हॅव टू सेल द अप्पर ऑर्चर्ड.’

वरली बाग म्हणजे सड्यावरची, वरच्या कातळाच्या पठारावरची. वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, खालून माती वाहून नेऊन भरली आणि ५२ कलमं लावली. सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं अशी तीन नावं आहेत. फवारणीचा आणि राखणीचा खर्च वाढत चाललाय, वानर येतात, सड्यावर चढायला माझे गुडघे साथ देत नाहीत. दादाचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मी त्या वाक्याच्या पहिल्या शब्दावरच अडकले. ‘वुई’ म्हणजे कोण?

आपल्या मराठीत दोन आहेत. आम्ही म्हणजे मी आणि माझी माणसं, तू वगळून. आपण म्हणजे तुझ्यासकट. तमिळ आणि तेलुगूतही हा भेद आहे, आणि अभ्यासक मराठीतल्या भेदाचा संबंध त्या शेजाराशी जोडतात. इंग्रजीत ही सोय नाही. दारात उभा राहून कोणी ‘वुई’ म्हणाला, तर आपल्याला आत घेतलंय की बाहेर ठेवलंय हे त्या शब्दावरून कळत नाही. दादाचा ‘वुई’ म्हणजे तो आणि वहिनी, की तो, मी आणि आई?

पुढचं ‘शॅल हॅव टू’. गणिती जॉन वॉलिस यांनी, अनंताची आडव्या आठासारखी खूण ज्यांनी रूढ केली त्यांनी, १६५३ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात नियम सांगितला: स्वतःबद्दल बोलताना ‘शॅल’ म्हणजे नुसतं होणार ते सांगणं, ‘विल’ म्हणजे ठरवून, शब्द देऊन सांगणं. ‘विल’चा मूळ अर्थच इच्छा. मृत्युपत्राला आपण विल म्हणतो ते त्यामुळेच. माझ्या वडिलांनी ते केलं नाही, त्यांची इच्छा कोणत्याच अर्थाने कागदावर नाही. दादाने ‘वुई विल सेल’ लिहिलं नव्हतं. ‘शॅल’ लिहिलं. आम्हा दोघांना वडिलांनीच शिकवलेलं जुनं इंग्रजी, त्यात हा फरक आम्ही पाळायचो. म्हणजे हे त्याच्या मनासारखं नाही, एवढं तरी मला त्या एका साहाय्यकातून कळलं.

आणि ‘शॅल’चा सर्वात जुना अर्थ आहे देणं असणं, ऋणी असणं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. कारण आपल्या लागणेतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. मी तुझे शंभर रुपये लागते. मला जावं लागतं. कर्जाचा आणि सक्तीचा शब्द एकच. ‘ऑट’सुद्धा ‘ओ’चं, म्हणजे देणं लागण्याचं, जुनं भूतकाळी रूप. आपला पाहिजे मात्र वेगळ्या वाटेने आला. तो पाहणेचं जुनं कर्मणी रूप: पाहिलं जातं. ज्याची वाट पाहिली जाते ते पाहिजे.

आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत असे. शाळेच्या सहलीत मी मुलांना पोंभुर्ल्याला नेत असे आणि घरी आल्यावर एका कागदाला मधोमध रेघ मारून दोन्हीकडे लिहायला लावत असे. त्या रात्री तसाच कागद घेतला. उजवीकडे दादाचं एकच वाक्य लिहिलं. डावीकडे एकाखाली एक उतरत गेली: आपल्याला वरली बाग विकावी लागेल. आम्हाला वरली बाग विकावी लागणार. आपण बाग विकायला हवी. बाग विकली पाहिजे. शेवटच्या ओळीत तर माणूसच उरला नाही. उजवीकडचं वाक्य या चारही ओळींसमोर सारखंच बसत होतं.

बाहेर पाऊस पडत होता. ‘इट इज रेनिंग’ शिकवताना एकदा पाचवीतल्या मुलीने विचारलं होतं, “बाई, इट म्हणजे कोण? देव?” मी तिला सांगितलं, कोणी नाही, इंग्रजी वाक्याच्या पहिल्या पाटावर कोणीतरी बसावंच लागतं म्हणून बसवलेला आहे. आपल्याकडे क्रियापदच सांगतं. गेलो, गेलीस, गेल्या, यात माणूस आतच असतो. आणि पाऊस तर स्वतः पडतो, त्याला बदली लागत नाही. ती मुलगी म्हणाली, “देवच असेल.” तिचं हे उत्तर मी विसरले नाही.

मी दादाला फोनवर मेसेज टाकला. मराठीत, तीनच शब्द: ‘आपण की आम्ही?’

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, तेही मराठीत, आणि एकाच शब्दात: ‘बघू.’

मला आधी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याने मराठीत लिहिलं होतं. मग मी तो शब्द पुन्हा वाचला. ‘वुई शॅल सी’ या तीन शब्दांचं काम तो एकटा करतो. सर्वनाम आत, साहाय्यक आत, प्रत्ययात विरघळलेले. आणि म्हणूनच आम्ही बघू की आपण बघू, हे त्यातही नाही. मराठी नेमकी आणि इंग्रजी मोघम, असा माझा गेल्या पंधरा दिवसांचा समज होता. त्या एका शब्दाने तो गेला.

आई वळईत बसून भाजीचा फणस निवडत होती. हाताला तेल, समोर केळीचं पान. तिने विचारलं, “काय म्हणता दादा?”

“बघू म्हणता.”

तिने गरा सोलून पानावर ठेवला. “बघू?” ती म्हणाली. “कोण बघतलो?”

मी हात पुसले आणि फोन लावला.